एका पॉइंटचा इतिहास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरातला एखादा पंखा बदलायचा असतो, स्वयंपाकघरात एक प्लग पॉइंट वाढवायचा असतो, नाहीतर दारावरची बेल मुकी झालेली असते. काम अर्ध्या तासाचं. पण त्या अर्ध्या तासासाठी आपण आठ-आठ दिवस कुणाची तरी वाट पाहतो. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात निरोप ठेवतो, वॉचमनला सांगतो, शेजाऱ्याकडून नंबर घेतो. ‘संध्याकाळी येतो’ म्हणणाऱ्याची संध्याकाळ कधी कधी महिन्याने उगवते. मोठं काम असेल तर माणसं मिळतात. नवी इमारत, शंभर पॉइंट, तर भाव सांगायला चौघे येतात. एका पॉइंटला मात्र कुणी वाली नसतो. हे असं का, आणि कधीपासून, याचा शोध घेऊ लागलो तर गोष्ट थेट सव्वाशे-दीडशे वर्षं मागे जाते. आज तीच तुम्हाला सांगणार आहे.

माझा धंदा शब्दांचा, म्हणून आधी शब्दाबद्दल. शहरात आपण ज्याला ‘इलेक्ट्रिशियन’ किंवा ‘लाईटवाला’ म्हणतो, त्याला गावात ‘वायरमन’ म्हणतात. पण गावातला वायरमन म्हणजे मुख्यतः वीज मंडळाचा माणूस, खांबावर चढणारा. घरातली फिटिंग करणारा वेगळा. नाव मात्र दोघांना एकच. सरकारी मराठीत यांच्यासाठी दोन सुंदर शब्द आहेत : ‘वीजतंत्री’ आणि ‘तारतंत्री’. आयटीआयच्या प्रमाणपत्रावर, नोकरभरतीच्या जाहिरातीत ते छापलेले दिसतात. पण ‘जरा तारतंत्र्याला बोलवा हो’ असं मी आजवर एकाही घरात ऐकलेलं नाही. ज्याच्या कामाला लोकांच्या तोंडी मराठी नावसुद्धा मिळालं नाही, त्याचा इतिहास कोण लिहिणार?

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आले १८६५ साली. त्यानंतर सतरा वर्षांनी, १८८२ मध्ये, मुंबई पालिकेने ‘ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी’शी करार केला. क्रॉफर्ड मार्केट आणि काही रस्ते विजेने उजळायचे असं ठरलं. वर्षभरातच कंपनी बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसच्या उजेडात गेलं. मुंबईतल्या विजेची सुरुवात ही अशी पडझडीने झाली. पुढे दार्जिलिंगला १८९७ मध्ये पाण्यावरची वीज निघाली, कलकत्त्याला १८९९ मध्ये कंपनीचा वीजपुरवठा सुरू झाला. मुंबईला मात्र थांबावं लागलं.

१९०५ मध्ये ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’ आली. वाडी बंदरला तिने वीजघर उभारलं ते प्रामुख्याने ट्रामसाठी. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. १९१२ मध्ये माझगावच्या कसाऱ्याला दुसरं वीजघर सुरू झालं. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून गिरण्यांना वीज मिळू लागली. म्हणजे बघा, आधी ट्राम, मग गिरणी, आणि घर शेवटी. सामान्य माणसाच्या घरात वीज आली ती पाहुण्यासारखी, सगळीकडे जाऊन झाल्यावर.

आता प्रश्न असा की वीज दारापर्यंत आली, पण आत कशी न्यायची? त्या काळी आजच्यासारखी प्लास्टिकची तार नव्हती. तांब्याच्या तारेवर रबराचं वेष्टण, त्यावर सुताचं विणकाम, अशी ती तार असे. तिला उघडं ठेवता येत नसे. मग भिंतीवर सागवानी पट्ट्या ठोकायच्या. त्या पट्टीत दोन खाचा. एका खाचेत जाणारी तार, दुसरीत येणारी, आणि वरून लाकडाचंच झाकण. याला म्हणायचं ‘केसिंग-कॅपिंग’. पट्टी भिंतीला धरून राहावी म्हणून भिंतीत छिन्नीने भोक पाडून लाकडी गुट्ट्या बसवायच्या, त्यात स्क्रू पिळायचे. कोपऱ्यावर पट्ट्यांचा सांधा चित्राच्या चौकटीसारखा तिरका कापायचा. म्हणजे पहिल्या पिढीचा वायरमन अर्धा सुतारच होता. त्याच्या पिशवीत पकडीबरोबर करवत असायची आणि पटाशीही असायची.

त्यानंतर आली ‘बॅटन’. सागाच्या अरुंद पट्टीवर रबरी आवरणाची तार सरळ ताणायची आणि पितळी क्लिपांनी दर काही इंचांवर आवळायची. जुन्या चाळींतून, शाळांतून, कोर्टकचेऱ्यांतून ही बॅटन पट्टी अजूनही दिसते. चिनीमातीच्या गुटख्यांवर तार ओढायची आणखी स्वस्त पद्धत होती. ती गोदामांत, कारखान्यांत, मांडवांत चाले. तारेची नावंही मजेदार : ‘एक-अठरा’, ‘तीन-बावीस’, ‘सात-वीस’. पहिला आकडा तारेच्या पदरांचा, दुसरा जाडीच्या गेजचा. या गणितात गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. हे उलटं गणित शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी हमखास चकवायचं. आता तारा चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात, दीड, अडीच, चार. तरी जुने मिस्त्री दुकानात जाऊन अजून ‘सात-बावीस’च मागतात आणि दुकानदाराला ते बरोबर कळतं.

हे सगळं मला पुस्तकात कळलं नाही, भिंतीत कळलं. आमचं मूळ गाव चिपळूण तालुक्यात, पण वडील बंदरावर कामाला, म्हणून माझगावच्या चाळीतली खोली. तीच अजून आमच्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी बायकोला ओट्याजवळ एक पॉइंट हवा होता, मिक्सरसाठी आणि मुलाने आणलेल्या मायक्रोवेव्हसाठी. दोघांनी नकार दिला, एकजण बघून गेला तो परत आला नाही. शेवटी किराणावाल्याच्या ओळखीने सत्तरीला टेकलेले एक मिस्त्री आले. आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो. मला वाटलं होतं, बोर्डावरून एक तार ओढतील आणि जातील. काकांनी आधी चहाही घेतला नाही. म्हणाले, “भाई, पॉइंट लावायला अर्धा तास. पण आधी तार तर बघू द्या, तिच्यात काय जीव आहे.”

त्यांनी भिंतीवरची जुनी लाकडी पट्टी उघडली. आत पहिली तार होती काळ्या रबराची, कदाचित चाळीच्या पहिल्या वायरिंगमधली. बोट लावलं तर वेष्टणाचा भुगा पडत होता. रबर उष्णतेने वाळतं, कडक होतं, मग तडकतं. तिच्याशेजारी दुसरी तार, पांढऱ्या प्लास्टिकची, आत ॲल्युमिनियम. काका म्हणाले, “ही सत्तरच्या आसपासची.” आणि त्या दोघींना जोडणारा तिसरा तुकडा, नव्या तांब्याचा, कुणी तरी नुसता पिळून वर चिकटपट्टी गुंडाळून ठेवलेला. ती पट्टी वितळून काळी पडली होती. काकांनी ती बायकोला दाखवली. “भाभी, हे बघा. आग लागायची राहिली होती.” एका खोलीच्या भिंतीत तीन पिढ्यांच्या तारा आणि त्यांना जोडणारा कुणा अनोळखी हाताचा पीळ. त्या पट्टीकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं, की या देशाच्या विजेचा इतिहास आमच्या ओट्यावर उघडा पडला आहे.

त्यातल्या ॲल्युमिनियमची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्या देशात तांबं कमी, ते परदेशातून आणायचं तर परकीय चलन लागे, आणि ते तर त्याहून दुर्मीळ. ॲल्युमिनियम मात्र इथे तयार होत होतं. म्हणून १९६० च्या दशकापासून घरांच्या वायरिंगमध्ये ॲल्युमिनियमची तार मोठ्या प्रमाणावर आली. देशाच्या गरजेपोटी घेतलेला तो निर्णय होता. पण ॲल्युमिनियमचा स्वभाव वेगळा. ते मऊ असतं. स्क्रूखाली दाबलं की हळूहळू पसरतं आणि पीळ सैल होतो. हवेशी संबंध आला की त्यावर एक पापुद्रा धरतो, त्यातून वीज नीट जात नाही. सैल सांधा तापतो, तापला की आणखी सैल होतो. म्हणून ॲल्युमिनियमच्या वायरिंगमध्ये वर्षा-दोन वर्षांनी बोर्ड उघडून स्क्रू आवळावे लागत. हे चांगल्या वायरमनला ठाऊक होतं. पण नुसते स्क्रू आवळायला वायरमनला कोण बोलावतो? १९९० नंतर बाजार खुला झाला, घरांच्या तारांत तांबं परत आलं. ॲल्युमिनियम मात्र जुन्या भिंतींत तसंच राहिलं, आणि त्याचा स्वभाव ठाऊक असलेली माणसं एकेक करून निवृत्त होत गेली.

चाळींच्या बाबतीत आणखी एक कारण होतं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला डोक्यावर छप्पर राहिलं, हे त्या कायद्याचं मोठं काम. पण घरमालकाला दुरुस्तीत रस उरला नाही, आणि ‘घर आपलं नाही’ म्हणून भाडेकरूनेही भिंतीला हात लावला नाही. परिणाम असा की मूळ वायरिंग तशीच राहिली आणि तिच्यावर गरजेप्रमाणे एकेक पॉइंट वाढत गेला. आधी रेडिओ, मग पंखा, मग टीव्ही, फ्रीज, इस्त्री. जिन्याखालच्या मीटरच्या फळीवर तारांचं जाळं झालं. चाळीची वायरिंग अशी एकेका पॉइंटने वाढली, आणि प्रत्येक पॉइंट लावणारा हात वेगळा होता.

आता कायद्याकडे येऊ. विजेचा कायदा देशात १९०३ मध्ये झाला, १९१० मध्ये त्याची जागा ‘इंडियन इलेक्ट्रिसिटी ॲक्ट’ने घेतली. त्याखाली १९५६ मध्ये जे नियम झाले, त्यातला पंचेचाळिसावा नियम आपल्या विषयाचा. तो साध्या भाषेत असा : बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ अदलाबदल सोडली, तर घरातलं विजेचं कुठलंही नवं काम, वाढ, फेरफार किंवा दुरुस्ती परवानाधारक कंत्राटदाराकडूनच व्हायला हवी. त्यावर सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची थेट देखरेख हवी, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडेही सरकारी परवाना हवा. म्हणजे एका पॉइंटच्या मागे कायद्याने तीन माणसं उभी केली होती. पुढे २००३ चा कायदा आला, २०१० आणि २०२३ मध्ये सुरक्षेचे नवे नियम आले, पण ही तिघांची कल्पना कायम राहिली.

कायद्याची भावना चांगली होती. वीज दिसत नाही, तिला वास नाही, आवाज नाही. चुकीचं काम वर्षानुवर्षं भिंतीत गप्प बसून राहतं. म्हणून काम करणारा हात ओळखीचा असावा, त्याचं नाव सरकारदरबारी असावं. पण व्यवहारात काय झालं? कंत्राटदार मोठ्या कामांमागे गेला, पर्यवेक्षक त्याच्याबरोबर गेला. एका पॉइंटसाठी तिघांनी येणं ना त्यांना परवडतं, ना आपल्याला. मग तिघांऐवजी येतो चौथाच. त्याच्याकडे पक्कड आहे, टेस्टर आहे, अनुभवही असेल, पण कागद नाही. आणि जिथे कागद लागतोच, म्हणजे नवा मीटर घेताना, तिथे ‘टेस्ट रिपोर्ट’वर परवानाधारकाची सही येते. आमच्या एका नातेवाइकाच्या घरच्या रिपोर्टवर ज्याची सही आहे, तो माणूस त्या घराच्या पायरीवरही चढलेला नाही. परवाना एकीकडे राहिला आणि हात दुसरीकडे. किरकोळ कामाच्या इतिहासातली ही फाळणी मला सगळ्यात मोठी वाटते.

त्याच नियमांत आणखी एक रेघ आखलेली आहे. मीटरपर्यंतची जबाबदारी पुरवठा करणाऱ्याची, मीटरनंतरची ग्राहकाची. आपण मात्र लाईट गेली की सगळ्याचं खापर कंपनीवर फोडतो. मीटरच्या अलीकडे आपल्या भिंतीत काय आहे, हे कंपनी बघत नाही आणि आपल्यालाही दिसत नाही. ते ठाऊक असतं फक्त त्या चौथ्या माणसाला.

हा चौथा माणूस शिकला कुठे? काहीजण आयटीआयमधून आले. १९५० मध्ये केंद्राची कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. तिच्यातून वीजतंत्री आणि तारतंत्री या दोन्ही शाखा गावोगाव पोचल्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांत उमेदवारीची सोय झाली. आमच्या वस्तीतली कितीतरी मुलं भायखळ्याच्या साबू सिद्दिक संस्थेत हे हुन्नर शिकली आणि पुढे आखातात गेली. पण बहुतेकजण उस्तादाच्या हाताखाली तयार झाले. पोरगं शाळा सोडतं, उस्तादाची शिडी धरतं. सहा महिने नुसती शिडी. मग तारेचं वेष्टण सोलायचं, तेही दातांनी नाही, चाकूने. मग गुट्ट्या ठोकायच्या. मग एक दिवस उस्ताद म्हणतो, ‘आज बोर्ड तू भर.’ गणपतीची आरास, ईद-ए-मिलादची रोषणाई, लग्नाचा मांडव, उरूस ही या पोरांची परीक्षा. आमच्या भागात गणपतीच्या माळा आणि मिलादच्या माळा एकाच हाताने लागत, त्याच बल्बांच्या. आठवड्याभरात त्या एका मंडपातून उतरून दुसऱ्या मंडपात चढत. त्या हाताला कुणी धर्म विचारला नाही. त्याला परवाना विचारायचंही कुणाच्या मनात आलं नाही.

गावाकडची कहाणी थोडी निराळी. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ झालं. त्याच दशकात कोयनेची वीज आमच्याच तालुक्यातल्या पोफळीच्या भूमिगत वीजघरात निघू लागली. उंच मनोऱ्यांवरून ती मुंबईला गेली. आमच्या वाडीत मात्र ती आली १९७८ मध्ये, मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. पहिलं कनेक्शन म्हणजे ओटीवर एक बल्ब आणि काळा गोल खटका. पुढे १९८८-८९ मध्ये केंद्राची ‘कुटीर ज्योती’ योजना आली, गरिबाच्या घरी एक दिवा देणारी. २०१७ च्या ‘सौभाग्य’ योजनेतही गरिबाच्या घरात एका दिव्याची वायरिंग आणि मोबाइल चार्जिंगचा पॉइंट, एवढंच धरलेलं होतं. योजनेचा हेतू उजेडाचा होता आणि तो पुराही झाला. पण माणसं एका दिव्यावर थांबत नाहीत, थांबूही नये. बल्बच्या होल्डरला पिन लावून पंखा आला, त्या पंख्याच्या तारेवरून टीव्ही आला. दिव्यापुरती टाकलेली तार सगळा संसार ओढू लागली.

इथे थोडं गणित करू. ४० वॅटचा जुना बल्ब २३० व्होल्टवर पाव अँपिअरही वीज घेत नाही. २ किलोवॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर घेतो, म्हणजे एक गीझर पन्नास बल्बांइतका. दिव्याच्या लाईनला साधारण दीड चौरस मिलिमीटरची तार असते, पॉवरच्या पॉइंटला अडीचची, एसी किंवा मोठा गीझर असेल तर चारची. दिव्याच्या लाईनवरून पॉवरचा पॉइंट काढला तर पहिल्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशीही होत नाही. तार रोज थोडी तापते, वेष्टण रोज थोडं सुकतं. फ्यूज उडू लागला की कुणी तरी त्यात जाड तार घालतं आणि म्हणतं, ‘आता नाही उडणार.’ खरंच उडत नाही. फ्यूज म्हणजे घराचा पहारेकरी. त्याचं काम मरण्याचं. त्याला मरू दिलं नाही तर दुसरं काही तरी जळतं.

तशीच गोष्ट तिसऱ्या पिनेची. प्लगच्या वरच्या जाड पिनेला अर्थिंग जोडलेलं असतं. यंत्राच्या लोखंडी अंगात वीज उतरलीच, तर तिला आपल्या शरीराऐवजी जमिनीत जायला वाट मिळावी म्हणून. जुन्या लोकांनी यासाठी जमिनीत खड्डा खणून धातूची पाटी पुरली, तिच्याभोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, वरून पाणी ओतायला नळी ठेवली. उन्हाळ्यात तिथे बादलीभर पाणी घालायची आठवण ठेवणारा शिपाई असे. चाळींमध्ये पाण्याच्या लोखंडी नळालाच अर्थिंगची तार बांधलेली असे. पुढे नळ प्लास्टिकचे झाले, तार तशीच बांधलेली राहिली. वरून सगळं ठीक दिसतं, तीन भोकांचा प्लग असतो, हिरवी तारही असते, पण ती कुठेच जात नाही.

यावर उपाय म्हणून गळती पकडणारं यंत्र निघालं. तारेतून गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत थोडाही फरक पडला, तर ते पुरवठा बंद करतं. घरासाठीचं यंत्र ३० मिलिअँपिअरच्या फरकाला तुटतं. १९५६ च्या नियमांत नंतर भर घालून ते सक्तीचं झालं, पण ५ किलोवॅटच्या आतल्या घरगुती जोडण्या वगळून. २०१० चे नियम झाले तेव्हाही ती सूट होती. म्हणजे मोठ्या घराला कायद्याचं संरक्षण आणि एक-दोन खोल्यांच्या घराला त्याच्या नशिबाचं. लहान काम जसं कायद्याच्या चिमटीतून निसटलं, तसंच लहान घरही निसटलं. आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं जातात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे सांगतात. त्यात शेतातले आहेत, खांबावरचे आहेत, आणि घरातल्या ओल्या फरशीवर उभे असलेलेही आहेत.

काकांनी आमच्याकडे काय केलं, ते एवढ्यासाठी सांगतो की चांगलं काम कसं दिसतं हे कळावं. त्यांनी दिव्याच्या लाईनला हात लावायला नकार दिला. मीटरपासून ओट्यापर्यंत वेगळी अडीचची तार नेली, तिला स्वतंत्र एमसीबी दिला. जळका सांधा कापून टाकला. पॉइंट लावून झाल्यावर पिशवीतून १०० वॅटचा बल्ब काढला, त्याच्या दोन तारा फेज आणि अर्थिंगला लावल्या. बल्ब मंद पेटला. “बघा,” ते म्हणाले, “अर्थिंग आहे, पण दमलेलं आहे. बिल्डिंगच्या लोकांना सांगा.” आणि पैसे विचारले तर दिवसभराच्या हजेरीपेक्षा रुपया जास्त घेतला नाही. अर्धा तास म्हणून आलेलं काम सात तास चाललं होतं.

इथेच किरकोळ कामाची खरी अडचण आहे. वायरिंगचा भाव ‘पॉइंटवर’ ठरतो. नव्या घरात हे ठीक, कारण तिथे भिंत कोरी असते. जुन्या घरात पॉइंट एकच, पण त्याच्या मागे शोधायच्या असतात पन्नास वर्षांच्या तारा. त्या शोधण्याला भाव नाही. आपण पॉइंटचे पैसे देतो, बघण्याचे देत नाही. मग बघणारा येत नाही, नुसता जोडणारा येतो. आणि तो जोडून गेला की आपण खूश, कारण दिवा लागला. वास्तविक दिवा लागणं हा काम नीट झाल्याचा पुरावा नव्हे. सैल सांध्यावरही दिवा तितकाच लख्ख लागतो.

म्हणून पुढच्या वेळी कुणाला बोलवाल तेव्हा चार गोष्टी करून पाहा. वायरमनचा परवाना आहे का, हे सरळ विचारा. त्यात अपमान नाही, डॉक्टरच्या भिंतीवरचं प्रमाणपत्र आपण वाचतोच की. काय लावायचं आहे ते आधी सांगा, मिक्सर की गीझर, म्हणजे तार कुठून घ्यायची ते तो ठरवील. काम झाल्यावर अर्थिंग तपासून दाखवायला सांगा. आणि त्याने ‘हे आधी बघावं लागेल’ असं म्हटलं, तर त्या बघण्याचे पैसे द्या. जो माणूस तुमच्या भिंतीकडे बघून थोडा वेळ गप्प उभा राहतो, तो तुमच्या कामाचा. पक्कड काढून लगेच सुरू होणाऱ्यापासून जरा जपून.

‘तारतंत्री’ या शब्दात ‘तंत्री’ आहे. संस्कृतात तंत्री म्हणजे वीणेची तार. वीणेची तार सैल झाली तर सूर बिघडतो आणि ते ऐकू तरी येतं. भिंतीतली तार सैल झाली तर ऐकू येत नाही. ती ऐकणारा कान लागतो, आणि तो कान हजार पॉइंट लावून तयार झालेला असतो. कायद्याने त्या माणसाला तिघांच्या रांगेत शेवटचं स्थान दिलं, भाषेने त्याला कागदावरचं नाव दिलं, आणि आपण त्याला ‘लाईटवाला’ म्हणून जिन्यातूनच परत पाठवत आलो. ज्याच्या हाताच्या भरवशावर आपण रात्री निर्धास्त झोपतो, त्याला निदान बसायला खुर्ची आणि वेळेवर मजुरी, एवढं देणं आपल्याकडे लागतं.